दिघोरीच्या अंगणातली सात मिनिटं

प्रिय ईशान आणि रेवा,

मागच्या महिन्यात फोनवर रेवाने विचारलं होतं, "आजी, आपल्या वरच्या खोलीतली प्रणालीताई इतकी वर्षं शर्यती करते आणि जिंकत तर नाही. मग तो तिचा व्यवसाय कसा?" मी तेव्हा "बघू, सांगते नंतर" म्हणून विषय बदलला, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. चार वर्षं ती आपल्या पुण्याच्या घरात भाड्याने राहिली, जिन्यात तिची सायकल टांगलेली असायची, पहाटे चारला तिच्या मिक्सरच्या आवाजाने मला जाग यायची, पण हा प्रश्न काही मी तिला विचारला नव्हता. आता भंडारा जिल्ह्यात पाच दिवस राहून परत आले आहे. पाहिलेलं अजून ताजं आहे, त्यात माझ्या मनाची भर पडलेली नाही, म्हणून आजच लिहायला बसले.

आधी थोडं समजून घ्या. प्रणाली जी शर्यत करते तिच्यात एकाच दिवसात, न थांबता, जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची आणि मग बेचाळीस किलोमीटर धावायचं असतं. घड्याळ सकाळी सुरू होतं ते शेवटच्या पावलालाच थांबतं. कपडे बदलले, बूट चढवले, पाणी प्यायलं, सगळं त्यातच मोजलं जातं. जगभर हौसेने हे करणारे पुष्कळ आहेत. व्यावसायिक लायसन्स मात्र थोड्यांना मिळतं आणि ते टिकवावं लागतं. प्रणालीने ते सात वर्षं टिकवलं आहे. ती कधी आठवी आली, कधी अकरावी, एकदा चौदावी. सव्वा वर्षापूर्वी एका शर्यतीत उतारावर पडली आणि तिचं गळपट्टीचं हाड मोडलं.

तिची कोच पोर्तुगालमध्ये असते. सहा खेळाडूंचा छोटा संघ चालवते. तिने प्रणालीला कळवलं, "तू आता चौतीस वर्षांची आहेस. जानेवारीत तुझ्या घरी, तुला सोयीच्या रस्त्यांवर, पूर्ण अंतर एकटी करून दाखव. दहा तासांच्या आत आलीस तर संघातली जागा तुझी. नाहीतर दुसरीला देईन."

प्रणालीने मला फोन केला. "काकू, बाटल्या द्यायला आणि वेळ लिहायला माणूस हवं आहे. आई गाडी चालवेल. पण आई मला दमलेली बघितली की रडते. तुम्ही रडत नाही."

हे प्रशस्तिपत्रक घेऊन मी नागपूरच्या गाडीत बसले.

कोंढा

प्रणालीचं घर पवनी तालुक्यात कोंढ्याला आहे. तिची आई पुष्पाताई आरोग्य केंद्रात नर्स होती, आता निवृत्त आहे. लहानशी निळी गाडी ती अशी चालवते की मी पहिल्या दिवशी पूर्ण रस्ता दाराची मूठ धरून बसले होते.

भाताची कापणी कधीच होऊन गेली होती. कापलेल्या धसकटांत लाखोळी, म्हणजे इथलं एक कडधान्य, उगवलेली, निळ्या-जांभळ्या बारीक फुलांची, आणि मधे कुठे उन्हाळी धानासाठी पाणी भरलेले चौकोन चमकत होते. आपल्याकडे गावाबाहेर टेकडी दिसते, इथे तळं दिसतं. एक मागे टाकावं तर पुढे दुसरं. पुष्पाताई म्हणाली, "मोजू नका मॅडम. सरकारनं मोजले तरी दरवेळी नवा आकडा येते."

जेवायला तांदळाची भाकरी, लाखोळीची डाळ आणि सांभारवडी. मी सांभार म्हटल्यावर वाटीची वाट पाहत बसले. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली ती वडी इतकी चांगली होती की वाटीचा प्रश्न मिटला. प्रणाली मात्र आमच्यासमोर उकडलेला बटाटा आणि मीठ-भात खात होती, वजन करून.

संध्याकाळी गल्लीत माझी शिकवणी झाली. धावत्या सायकलवरून बाटली कशी घेतात ते मला ठाऊक नव्हतं. मी बाटली घट्ट धरून उभी राहिले. प्रणाली सायकलवरून आली, बाटली ओढली आणि मीही दोन पावलं तिच्याबरोबर गेले. पुष्पाताई ओट्यावरून म्हणाली, "मॅडम, बाटली द्याची हाय. तुम्ही सोबत जाऊन राहिल्या."

बोटांच्या टोकावर, सैल धरायची आणि तिच्या बाजूला दोन पावलं चालत राहायचं. सातव्या खेपेला जमलं. मी वहीत लिहून ठेवलं.

दिघोरी, आदल्या दिवशी

सायकल संपून धावणं सुरू होण्याची जागा दिघोरीला ठरली होती, लाखांदूर तालुक्यात, प्रणालीच्या आजोळी. तिचे मामा देवाजीभाऊ तिथे धान पिकवतात. प्रणाली कोंढ्याला विश्रांती घेत होती. पुष्पाताई आणि मी मांडणी बघायला गेलो.

देवाजीमामा सत्तरीला टेकलेले, उंच, खांद्यावर दुपट्टा. त्यांचं अंगण आमच्या सोसायटीच्या वाहनतळाएवढं, शेणाने सारवलेलं. मी टेबल कुठे, बूट कुठे, मोजे कुठे, केळी कुठे, सगळं दाखवलं. माझ्या यादीत अकरा गोष्टी होत्या. मामा प्रत्येकीला "हाव", म्हणजे हो, म्हणत होते.

मग त्यांनी विचारलं, "पोरगी सायकलवरून उतरन कधी?"

"एक वाजून दहा मिनिटांनी," मी अभिमानाने सांगितलं. तो हिशेब माझा होता. "पण मामा, ती थांबणार नाही हं. दोन मिनिटांत बूट बदलून निघेल."

"थांबाचं कोन म्हनते? आमचं आम्ही करून घेऊ. तुम्ही टाइम सांगतला, बस झालं. तीन सालानं येऊन राहिली भाची."

मागे मामी पितळी परात चिंचेने घासत होती. मला वाटलं, जेवणाची तयारी. मी वहीत लिहिलं: मामा एक, मामी एक, अंगण स्वच्छ.

कोंढ्याचं तळं, पावणेसात

थंडी अशी की शब्द बोलला की वाफ निघे. पाण्यावर धुकं. शामराव नावाचे ढिवर, म्हणजे इथले मासेमार, आपला लाकडी डोंगा घेऊन तिच्या बाजूने जाणार होते. त्यांनी चार बांबू रोवून तिच्या वळणांच्या खुणा केल्या होत्या. प्रणाली काळा रबरी पोशाख चढवत होती आणि शामराव विडी विझवून बघत होते.

"मासोळी धराची नाई, पैज बी नाई," ते मला म्हणाले, "मंग एवढ्या थंडीत पान्यात काहून जाऊन राहिली हे?"

"धंदा आहे तिचा," मी म्हटलं.

"धंदा तं माहाबी हाय. मी पान्याच्या वर राहतो."

बरोबर पावणेसातला ती उतरली. धुक्यात फक्त दोन हात दिसत, एकामागून एक, शिवणयंत्राच्या सुईसारखे नेमाने. मी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, चालत होते, वही छातीशी. तिचं मोडलेलं हाड उजवीकडचं. प्रत्येक वेळी उजवा हात पाण्याबाहेर आला की मी मोजत होते, आणि किती मोजले ते विसरत होते. एक तास चार मिनिटांनी ती किनाऱ्याला लागली. चिखलात पाय रोवून पळतच सायकलकडे गेली आणि तीन मिनिटांत रस्त्याला लागली. शामराव डोंगा ओढताना म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या चकरीले मी दमलो. वल्हं माह्या हातात होतं."

मी हसले आणि मग लक्षात आलं की माझे दोन्ही बूट चिखलात गेले आहेत.

आंधळगावचा रस्ता

कोंढ्याहून भंडारा, तिथून वर मोहाडी तालुक्यात आंधळगावपर्यंत, तिथून वळून भंडारा, मग साकोली आणि खाली दिघोरी. उरलेले किलोमीटर लाखांदूरच्या रस्त्यावर जाऊन-येऊन पुरे करायचे.

आंधळगावच्या चौकात आम्ही तिच्या आधी वीस मिनिटं पोचलो. मोठं गाव, त्यात बाजाराचा दिवस. माझ्या हातात दोन बाटल्या बघून चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "कोनत्या कंपनीची जाहिरात हाय?"

मी सगळं समजावून सांगितलं. एकशे ऐंशी किलोमीटर म्हटल्यावर त्याने झारा खाली ठेवला.

"आन् मंग घरी?"

"मग बेचाळीस किलोमीटर धावणार."

त्याने बाकड्यावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "बुढा, ऐकलं का गा? आन् तू म्हनते, शेतावर जाले गाडी पायजे."

ती आली तेव्हा चौकातली सगळी माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी होती आणि दोघांनी एक बैलगाडी अडवून धरली होती. सैल बोटं, दोन पावलं, बाटली गेली. टपरीवाला पोह्यांची पुडी घेऊन तिच्यामागे वीसेक पावलं पळाला. ती हसून हात हलवत निघून गेली. पुडी मग त्याने मलाच दिली. मी खाल्ली. गरम, वर चण्याचा झणझणीत रस्सा. मुलांनो, मला त्या क्षणी तिच्याइतकाच वेग आल्यासारखं वाटत होतं.

साकोलीच्या पुढे मात्र ती रस्त्याच्या कडेला उभी दिसली. बाभळीचा काटा मागच्या चाकात. पुष्पाताई दार उघडून धावली.

"आई, हात नको लावू. कोणीच लावायचा नाही," प्रणाली म्हणाली. शर्यतीत आपलं चाक आपणच दुरुस्त करायचं असतं. तिने चाक काढलं, ट्यूब बदलली, हवा भरली. सात मिनिटं गेली. पुष्पाताई गाडीच्या मागे जाऊन डोळे पुसून आली.

गाडीत मी हिशेब केला. आता ती एक वाजून सतराला दिघोरीत पोचेल. बूट बदलणं आणि धावणं मिळून पावणेपाचपर्यंत साडेतीन तासांत दोन मिनिटं कमी. अशा शर्यतीतली तिची सगळ्यात चांगली धाव तीन तास बावीस मिनिटांची होती. जागा होती. फार नव्हती, पण होती.

दिघोरी, एक वाजून सतरा

आम्ही तिच्या पाच मिनिटं आधी अंगणात शिरलो. टेबल, बूट, मोजे, केळी जागेवर. पण टेबलाच्या पुढे एक पाट मांडलेला होता. पाटासमोर ती पितळी परात. बाजूला कोमट पाण्याचा गुंड. आणि त्यामागे ओळीने चार माणसं, सगळी धुतलेल्या कपड्यांत, सगळ्यांच्या खांद्यावर दुपट्टा.

"हे कोण?" मी विचारलं.

"तिचे मामा," मामी म्हणाली.

"मामा एकच ना?"

"सख्खा एक. चुलत तीन. मामा तं सारेच."

आपल्याकडे भाची मामाच्या पाया पडते. इकडे उलट आहे. भाची घरी आली की मामा तिचे पाय धुतो आणि तिच्या पाया पडतो, मग मामा सत्तर वर्षांचा असो आणि भाची सात महिन्यांची. पुष्पाताईला हे अर्थातच ठाऊक होतं. "मले वाटलं, दादा एकटाच करन," ती पुटपुटली. "अर्ध्या मिनटाचं काम." आणि त्या सगळ्यांना अचूक वेळ देऊन वाट पाहायला बसवणारी मी होते.

मी पुढे झाले. "मामा, हे संध्याकाळी करू. तिचं एकेक मिनिट—"

तेवढ्यात प्रणाली आली. उडी मारून सायकलवरून उतरली, अनवाणी, कारण बूट पायडललाच अडकवलेले असतात. टेबलाकडे दोन पावलं धावली आणि तिला मामा दिसले. देवाजीमामा वाकलेले होते. हात पाण्यात बुडवलेले.

मी मोठ्याने म्हटलं, "प्रणाली, घड्याळ चालू आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाटावर बसली आणि उजवा पाय परातीत ठेवला.

मामांनी पाय धुतले. सावकाश, बोटांच्या मधून, जसं लहान मुलाचे धुवावेत. दुपट्ट्याने पुसले, कुंकू लावलं, कपाळ पायाला टेकवलं. "लय वाळली वो माय," एवढंच बोलले. मग दुसरे मामा बसले. मग तिसरे. चौथ्यांना गुडघ्याचा त्रास, त्यांना बसायला दोघांनी धरलं आणि उठायलाही. मी हातातलं घड्याळ बघत होते. प्रणाली ताठ बसली होती. तिच्या मांड्यांचे स्नायू आत उडत होते ते दिसत होतं.

ओले पाय मोज्यात गेले तर फोड येतात, म्हणून चौघांचं झाल्यावर तिने पाय पुन्हा कोरडे केले. मोजे, बूट, टोपी. केळ हातात. दोन मिनिटांच्या जागी नऊ मिनिटं. सात जास्त.

आता तिच्याकडे धावायला तीन तास एकोणीस मिनिटं उरली होती. आयुष्यात एवढ्या वेगाने ती या शर्यतीत कधी धावलेली नव्हती.

कालव्याचा पूल आणि परत

अंगणापासून कालव्याच्या पुलापर्यंत सात किलोमीटर. तीनदा जायचं, तीनदा यायचं. पहिल्या फेरीनंतर ती आली तेव्हा मी वेळ दोनदा तपासली. एक तास पाच मिनिटं. मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. दुसऱ्या फेरीला ऊन डोक्यावरून कललं होतं, ती आली तशी गेली. एक तास सहा. शेजारच्या घरांतून माणसं येऊन कुंपणाशी उभी राहिली. कोणी ओरडत नव्हतं. एक बाई प्रत्येक वेळी फक्त म्हणायची, "जाय बाई, जाय."

देवाजीमामा माझ्या बाजूला येऊन बसले.

"मॅडम, आमी किती मिंटं खाल्ली?"

खोटं बोलावंसं वाटलं. "सात," मी म्हटलं.

"आन् कमी किती पडतीन?"

"अजून सांगता येत नाही."

त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "तुमच्या वहीत सात कमी लिवा ना. कोनाले समजते?"

"तिच्या मनगटावरचं घड्याळ सगळं लिहून ठेवतं, मामा. ते कोचला आपोआप जातं."

त्यांनी मान हलवली, उठले, आणि गोठ्याच्या मागे गेले.

तिसऱ्या फेरीत पुष्पाताई आणि मी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो. चार वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली तेव्हा ती वळणावर दिसली. अगदी जवळ. झाडाच्या सावलीतून उन्हात आली, पुन्हा सावलीत गेली. मी सेकंद मोजत होते. मी जन्मात कधी रस्त्यावर ओरडले नाही. त्या दिवशी ओरडले.

अंगणात तिने घड्याळ दाबलं. धाव तीन तास वीस मिनिटं चाळीस सेकंद, तिच्या आयुष्यातली सगळ्यात वेगवान. एकूण दहा तास, एक मिनिट, चाळीस सेकंद.

ती खाटेवर आडवी झाली. धाप कमी झाल्यावर म्हणाली, "मामा कुठं आहे?"

कोणीतरी त्यांना गोठ्यामागून आणलं. ते जवळ येईनात.

"मामा, इकडे ये ना."

"मी तुही नोकरी खाल्ली माय."

"काट्यानं सात खाल्ले, तू सात खाल्ले. दोघाईची वाटणी बरोबर झाली. काट्यावर रागावून नाई राहिली, तं तुह्यावर काहून रागावू?"

"मंग उठून काहून नाई गेली? मॅडमनं तं सांगतलं होतं."

प्रणाली डोळे मिटून हसली. "तुहं डोस्कं माह्या पायावर होतं. पाय कसा काढू?"

रात्री जेवताना तिने मीठ-भात खाल्ला नाही. मामीने केलेले तांदळाचे आयते, म्हणजे पातळ जाळीदार धिरडी, गुळाच्या पाण्यात बुडवून, नऊ खाल्ले. मी मोजले, कारण त्या दिवशी मला मोजायची सवय लागली होती.

पुन्हा कोंढा

सकाळी कोंढ्याला परतलो, तोच कोचचा निरोप आला. पोहणं चांगलं, सायकल ठीक, पण सायकल आणि धावण्याच्या मधे नऊ मिनिटं काय चाललं होतं? प्रणाली म्हणाली, "काकू, इंग्रजीत तुम्ही लिहा. जसं झालं तसं."

मी वर्षानुवर्षं इंग्रजी वाचलं, शिकवलं. पण "तिच्या चार मामांनी तिचे पाय धुतले" हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. प्रत्येक वेळी ते सबबीसारखं वाचलं जाई. शेवटी सबबीचे सगळे शब्द काढून टाकले आणि एकच ओळ पाठवली.

उत्तर दुपारी आलं. संघातली जागा दुसरीला दिली आहे, दहा म्हणजे दहा. त्याखाली आणखी एक वाक्य होतं: एवढा वेळ बसून, थंड पडलेल्या पायांनी तू ही धाव केलीस, तेव्हा शर्यती सोडण्याचा विचार करू नकोस.

प्रणालीने ते दोनदा वाचलं. मग आईला म्हणाली, "शर्यतीला जाताना सायकलचा खोका संघ न्यायचा. तो आता मलाच उचलावा लागेल." आणि जूनमधल्या एका शर्यतीत स्वतःच्या नावाने, संघाशिवाय नाव घातलं. पुष्पाताई स्वयंपाकघरात गेली. या वेळी ती रडायला गेली नव्हती. बटाटे उकडायला ठेवत होती.

रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच देता येईल. मी तिथे होते तेव्हा एकदाही कोणी तिला, जुन्या शर्यतींबद्दलसुद्धा, "किती नंबर आला" असं विचारलं नाही. तिने स्वतःही विचारलं नाही. ती वेळ विचारत होती, आणि कोचचं उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला पुन्हा तळ्याकडे निघाली.

तिचं व्यावसायिक लायसन्स डिसेंबरपर्यंत चालू आहे. हाड जुळलेलं आहे. संघ गेला, शर्यत आहे.

तुमची,
आजी